तपासणीच्या दिवशी मी जागेवर नव्हतो

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळेची नळी, लोखंडी पाय आणि एकच डोळा. देवाने तुम्हाला दोन डोळे दिले, मला एक. पण मित्रांनो, त्या एका डोळ्याने मी त्याची पुष्कळ करणी पाहिली.

एका म्हाताऱ्या कारागिराने भजन गुणगुणत माझी भिंगे घासली. पायावर आकडा कोरला, तोच माझ्या लाकडी पेटीवरही कोरला आणि मला सरकारी शाळेत पाठवले. तिथल्या विज्ञानाच्या बाई कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरून म्हणायच्या, "बघा, देवाने किती बारीक टाके घातलेत." चाळीस मुले आणि मी एकटा, रांग दाराबाहेर जायची. एक मुलगी तर जागची हलेचना.

"बाई, हिला उठवा, घर करून बसलीय," मागची मुलगी ओरडली.

"थांब गं. टाके घालणारा दिसला की उठते," ती डोळा न हलवता म्हणाली.

बाई हसून हसून बेजार झाल्या. माझे सुखाचे दिवस ते हेच.

रस्त्यापलीकडे खाजगी शाळा होती. इमारत देखणी, पण प्रयोगशाळेत नुसती कपाटे. त्या वर्षी सरकारने ठरवले, ज्या शाळेची प्रयोगशाळा चालू दिसेल तिलाच सामानासाठी अनुदान. त्या शाळेचे मुख्याध्यापक बाईंकडे आले.

"बाई, उद्या आमची तपासणी. एक दिवस सूक्ष्मदर्शक द्याल का?"

"न्या की. शेजार कशाला असतो मग?"

शिपाईमामा कुरकुरले, "आणि आपली तपासणी?"

"ती परवा आहे मामा. कागद आलाय तसा."

बाईंनी पेटी शाळेतच ठेवली आणि मला फडक्यात गुंडाळून दिले. एका दिवसासाठी पेटी कशाला, असे त्यांना वाटले.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी मला पाहिले, यादीत लिहिले. काम लवकर आटोपले म्हणून ते तसेच रस्ता ओलांडून सरकारी शाळेत गेले. तिथे नुसती रिकामी पेटी पाहून थोड्याच वेळात परत आले, मागे धापा टाकत बाई.

"सर, सांगा ना यांना. हा आमचा आहे ना?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. "आमच्या यादीत आहे, साहेब."

"बाई, दुसऱ्याची वस्तू आपली म्हणू नये," अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले आणि यादीवर सही केली.

मी तिथेच टेबलावर उभा होतो. कांद्यातले टाके दाखवणाऱ्या मला बोलायला तोंड नव्हते.

बाईंनी पेटीवरचा आकडा लिहून अर्ज केला. उत्तर आले, पुढील तपासणीत पाहू. त्यांच्या शाळेला अनुदान मिळाले नाही; इकडे अनुदानातून बारा नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी काचेच्या कपाटात गेलो. मला परत करणे म्हणजे यादी खोटी होती हे कबूल करणे. मुख्याध्यापक वाईट नव्हते, भित्रे होते. कपाटावरून जाताना ते मान वळवत नाहीत.

इथली मुलेही गोड आहेत. त्यांनाही ते टाके दिसावेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कपाटातून मला समोरच्या शाळेची खिडकी दिसते. बाई फळ्यावर खडूने पापुद्रा काढतात. मुले मान वाकडी करून बघतात आणि वहीत उतरवून घेतात. आता रांग लागत नाही. खिडकीत माझी पेटी आहे, झाकण उघडे ठेवलेली. रोज सकाळी बाई तिच्यातली धूळ पुसतात.

मित्रांनो, वर्षे झाली, माझ्या डोळ्याला कुणी डोळा लावला नाही. तुमच्यातले कुणी उद्या मोठे होऊन शाळा तपासायला जाल. तेव्हा समोर दिसेल तेवढेच लिहून निघू नका. जिथे काही दिसत नाही, तिथे जरा थांबा आणि काल इथे काय होते ते विचारा. माझ्या पायावरचा आकडा अजून पुसलेला नाही, पेटीवरचाही नाही. दोन्ही वाचायला फक्त एक रस्ता ओलांडावा लागतो.