मागच्या व्हर्जनमधली बाई

नजर गेली तेव्हा बाबांनी फारशी कुरकुर केली नव्हती. जन्मभर पियानो सुरात लावून पोट भरलेलं. कान शाबूत आहेत तोवर आपलं काही अडत नाही, असं ते म्हणायचे. पण फोनने परस्पर नवं अपडेट घेतलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज बदलला, आणि बाबांनी लेकीमागे भुणभुण लावली. ही नवी बाई शब्द गिळते, वाक्याच्या शेवटी उगीचच वर चढते, हिच्याशी आपलं जमायचं नाही. जुनीच आणून दे.

लेक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. मागच्या व्हर्जनवर जायचं तर फोन पार कोरा होतो, आणि इतका जुना फोन मध्येच मान टाकू शकतो, हे तिने परोपरीने सांगून पाहिलं. बाबा हटून बसले. शेवटी सुट्टीच्या दुपारी तिने फोटो आणि नंबर लॅपटॉपवर उतरवून घेतले, सिम काढलं आणि केबल लावून जुनं व्हर्जन चढवायला घेतलं. फोन बराच वेळ काळाठिक्कर पडून राहिला. ती केबल काढून पुन्हा लावणार, तेवढ्यात पडदा उजळला आणि आवाज आला, "भाषा निवडा."

"घ्या तुमची जुनी मैत्रीण," लेक म्हणाली.

बाबांनी फोन कानाशी धरला. आणखी एकदोन वाक्यं ऐकली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आवाज तोच आहे. पण ही श्वास घेतेय."

लेकीला हसू आलं. मग तिने स्वतः ऐकलं आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं. प्रत्येक वाक्याआधी एक बारीकसा श्वास आत ओढला जात होता, घाईने आलेल्या माणसाचा असतो तसा. स्पीकरमध्ये कचरा असेल म्हणून तिने फोन उघडून साफ केला. मग इअरफोन लावून पाहिला. श्वास होताच.

तिच्या मनात काय आलं ते बाबांनी ओळखलं असावं. "आई नाही ही," ते म्हणाले. "जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्या आईचा श्वास मी झोपेतही ओळखेन. ही कोणीतरी दुसरीच आहे. आणि घाबरलेली आहे."

पुन्हा नवं अपडेट घालते म्हटलं, तर बाबा फोन हातचा सोडीनात. मग तो आवाज पडद्यावर नसलेलंही बोलू लागला. जेवताना फोन टेबलावर पालथा पडलेला असे आणि मध्येच म्हणे, "डावीकडे स्टूल आहे." स्टूल असायचंच, लेकच वाटेत ठेवून विसरलेली असायची. "पाणी सांडलंय." तेही खरं निघे. बाबा शेजारणीला म्हणावं तसं "बरं हं" म्हणून पाय जपून टाकत. लेकीच्या मात्र अंगावर काटा येई. फोन ज्या खोलीत असेल तिथे तिने कपडे बदलणंही सोडून दिलं.

एका सकाळी दोघं डॉक्टरांकडे निघाली. लेक घराला कुलूप घालत होती. फोन खिशात टाकून बाबा पुढे झाले होते. लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला आणि त्यांनी पाऊल उचललं.

"थांबा!"

तो आवाज एवढ्या मोठ्याने कधीच बोलला नव्हता. बाबांचं पाऊल हवेतच राहिलं. लेकीने वळून पाहिलं. दार उघडं होतं, पण लिफ्ट आलीच नव्हती. काळोखात नुसते दोर हलत होते. तिने बाबांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं आणि दोघं तिथेच फरशीवर बसली. खिशातून धापा ऐकू येत होत्या. हळूहळू त्या संथ झाल्या आणि मग थांबल्या.

त्यानंतर फोन बोले, पण कोरडा, श्वासाशिवाय. बाबांना चैन पडेना. त्यांनी लेकीला ते सगळं पुन्हा करायला लावलं. तिनेही या वेळी आढेवेढे घेतले नाहीत. फोन पुसला गेला, काळा पडला, उजळला.

"भाषा निवडा."

दोघांनी कान देऊन ऐकलं. श्वास नव्हता.

"फार दम लागला होता तिला," बाबा म्हणाले. "कुठून धावत आली असेल गं?"

लेकीने भाषा निवडली आणि एकेक नंबर परत भरायला घेतला.