धबधब्याआधीचं गाऱ्हाणं

जाईबाईने नारळाची दुसरी वाटी विळीवर अशी दाबली, की खोबऱ्याबरोबर करवंटीचा काळा चुराही ताटात पडला. एरवी सुनेच्या हातून असं झालं असतं तर तिने तिचं माहेर काढलं असतं. आज ते माहेरच बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलं होतं आणि नवे बूट पायात घालून बघत होतं.

“चावत नाहीत ना गं आई?” दर्शना विचारत होती.

“छे! कापूस आहे नुसता.” विहीण उठली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आली. लालबागच्या चाळीतली खोली ती, सुरू होईपर्यंत संपली.

“जपून हो विहीणबाई,” जाईबाई आतून ओरडली. “रानात अशी फरशी नसते.”

“म्हणून तर घेतले!” विहीण मोकळेपणाने हसली.

हे असंच व्हायचं. या बाईला टोमणा लागतच नसे. तिच्या अंगावरून घरंगळत तो परत जाईबाईच्याच पायाशी येऊन पडायचा.

उद्या रविवार. कर्जतच्या पुढे एका वाडीमागून रानात शिरायचं, ओढ्याच्या काठाने चालत राहायचं, की धबधबा. तिथे भजीवाले नाहीत, गाणी लावून नाचणारी पोरं नाहीत, कोणीच नाही. तिच्या लेकाला, स्वप्नीलला, ऑफिसातल्या कुणीतरी ही जागा सांगितली होती. आता तो आणि त्याची लेक ऋता जमिनीवर बसून मोबाइलमध्ये रस्ता बघत होते. खाली रस्त्यावर गणपतीच्या मांडवाचे बांबू सोडवणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता.

“उजाडायच्या आत निघू,” स्वप्नील म्हणाला. “वडाळ्याला आईंना घेऊ आणि तसेच पुढे.”

विळीवरचा हात थांबला. आईंना. सख्ख्या आईला अगं-तुगं, आणि हिला ‘आईंना’!

तसं जाईबाईला विचारलं नव्हतं असं नाही. मागच्या आठवड्यात भाकऱ्या थापता थापता दर्शना म्हणाली होती, “आई, तुम्ही येताय ना?”

“माझं काय मेलं. तुम्ही जा.”

“बरं,” दर्शना म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

बरं! जाईबाईचा जन्म गेला, पण पहिल्या खेपेला हो म्हणणारं बाईमाणूस तिने पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा गुडघ्याचं निमित्त सांगायचं, तिसऱ्यांदा समोरच्याने हात धरून ओढायचं, मग कुठे उठायचं. बारशाला जायचं तरी असंच आणि पंगतीत जिलबी घ्यायची तरी असंच. त्याच संध्याकाळी दर्शनाने वडाळ्याला फोन लावला, तर तिकडून लगेच आवाज आला, “येते की!” जशी काही बाई चप्पल घालूनच बसली होती.

आणि धबधबा म्हणजे काय, हे या बाईला कुठून ठाऊक असणार? जाईबाईच्या गावी घरामागच्या रानात वहाळ होता, असाच ओढा, आणि वहाळाच्या वरच्या अंगाला एक धार पडायची. आई कपडे धूत असली की लहानगी जाई त्या धारेखाली डोकं देऊन उभी राहायची, कान बधिर होईपर्यंत. लग्न करून मुंबईला आली, त्यानंतर डोक्यावर पडणारं सगळं पाणी तिने तांब्यानेच ओतून घेतलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं.

“आई, नारळ ठेवतेस ना?” स्वप्नीलने हाक मारली.

रान असो, घाट असो, वाहतं पाणी असो, या घरातून कुणी तिकडे निघालं की आदल्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याला देवाच्या हवाली करायचं. नवरा होता तोवर त्याने घातलं. पुढे स्वप्नीलची जीभ दुसऱ्याच वाक्याला अडखळायला लागली, तेव्हा जाईबाईने ते काम आपल्याकडे घेतलं. भावकीतला एकजण कुजबुजला, बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं काय? तिने तिथल्या तिथे विचारलं, “देव काय तुका पुसून ऐकता?” त्यानंतर कुणी कुजबुजलं नाही.

ती हात धुऊन आली. विहिणीने बूट काढून दाराशी ठेवले आणि पदर सारखा करून ती मागे उभी राहिली. जाईबाईने नारळाची शेंडी देवाकडे केली, डोळे मिटले. गाऱ्हाणं घालताना तिच्या तोंडात आपोआप गावची बोली यायची.

“बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां उद्या रानात, पाण्यार जातत...”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“वाटेर काय आडवा-तिडवा असात, कोणाची वाकडी नजर असात, ती भायरच्या भायर घालव रे म्हाराजा...” इथे तिचा आवाज किंचित घसरला.

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या स्वप्नीलाक, माझ्या सुनेक, दर्शनाक, माझ्या नातीक, ऋताक...” पुढचं माणूस तिच्या पाठीमागे हात जोडून उभं होतं. जाईबाईने श्वास घेतला. “आणि ह्या जाईक सुखरूप ने, सुखरूप हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हा... आई, तू येतेयस?” स्वप्नील ओरडलाच.

ऋताने तिच्या कमरेला मिठी मारली. दर्शना गोंधळली होती. “अहो आई, मी विचारलं होतं तेव्हा...”

“एकदा.”

“हो, मग?”

“एकदाच विचारलंस.”

 जाईबाईच्या छातीत घरचं लग्न पार पडल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात तिला दाराशी कागदाची सळसळ ऐकू आली. विहीण खाली बसून बूट परत खोक्यात ठेवत होती.

“आई, काय करतेस? गाडीत जागा आहे,” दर्शना म्हणाली.

“जागेचं नाही गं. देवापुढे माझं नाव गेलं नाही. मग रानात कशाला शिरायचं? तुम्ही या जाऊन.” आवाजात राग नव्हता. असता तर जाईबाईने त्याला तोंड दिलं असतं.

सगळे जाईबाईकडे बघायला लागले.

“चला हो विहीणबाई,” ती म्हणाली. “राहिलं बोलता बोलता.”

“नको.”

“अहो, बूट घेतलेत एवढे.”

“वडाळ्यात घालीन.”

तिसऱ्यांदा काय करायचं, हे जाईबाईला चांगलं ठाऊक होतं. हात धरायचा. तिने तो विहिणीपुढे केला, अर्ध्यावर नेला आणि तसाच वळवून पुन्हा नारळावर ठेवला.

“म्हाराजा, थांब जरा,” ती देवाला म्हणाली. “एक माणूस रवलां. माझ्या सुनेची आवस...”

आणि ती अडली. देवाला अशी अर्धी ओळख चालत नाही, नाव लागतं. तोंडावर विहीणबाई, पाठीमागे दर्शनाची आई, आणि मनात आणखी काय काय. इतक्या वर्षांत तिने या बाईला पुष्कळ नावं ठेवली होती. लग्नपत्रिकेत ते छापलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं, आणि विचारायचा कमीपणा तिने घेतला नव्हता.

मिटलेले डोळे तसेच ठेवून तिने मान थोडी मागे वळवली.

“तुमचं नाव काय हो?”

 मागून आवाज आला, “पद्मजा.”

जाईबाईने ओठ मिटून ते एकदा आतल्या आत म्हणून पाहिलं. तिच्या नावाहून लांब होतं आणि मेलं चांगलंही होतं.

“पद्मजाक...” ती देवाला म्हणाली, आणि तोंडातलं जोडाक्षर सांडू नये म्हणून सावकाश म्हणाली.

“व्हय म्हाराजा,” सगळ्यांच्या आधी पद्मजाच म्हणाली.