वर चढण्याआधीची गोळी

तिचं खरं नाव कामाच्या कागदांवर होतं, पण बांधकामाच्या साइटवर तिला सगळे घार म्हणत. क्रेनच्या पस्तीस मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती दिवसभर सळयांच्या मोळ्या उचलायची आणि हव्या तिथे अलगद ठेवायची. केबिन कसली, खुराडं ते! उभं राहिलं तर डोकं आपटायचं, बसलं तर गुडघे. शिडीला एकशे अठरा पायऱ्या. सकाळी एकदा वर गेलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली यायची सोय नव्हती, कारण क्रेन थांबली की खाली साठ माणसं हात बांधून उभी राहायची आणि साहेबांचा पारा चढायचा.

म्हणून वर बसणाऱ्या क्रेनवाल्यांनी आपले आपले नियम करून घेतले होते. चहा प्यायचा नाही. पाणी घोटभर. आणि चढण्याआधी रिकाम्या पोटी ॲसिडिटीची एक गोळी घ्यायचीच. हा शेवटचा नियम आबांचा. आबा शेजारच्या क्रेनवरचे सर्वांत जुने चालक, घारीला क्रेन शिकवली ती त्यांनीच. "पोटाचे लाड खाली करायचे, पोरी. वर त्याला तोंड उघडू द्यायचं नाही," असं म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या तळहातावर गोळी ठेवली होती. डॉक्टर ही गोळी आठ-पंधरा दिवसांसाठी देतात. घारीनं ती सात वर्षं घेतली. दात घासावेत तशी घेतली, त्यामुळे आपण औषध घेतोय हेही ती विसरली होती.

गेले आठ महिने तिच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. मग पापणी फडफडायला लागली, ओठांना मुंग्या यायला लागल्या. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कॅल्शियम कमी आहे म्हणाले आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. दोन महिने झाले तरी फरक शून्य. आता तर अधूनमधून बोटं वळायची आणि मिनिटभर सरळच व्हायची नाहीत.

कामावर तिनं कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. हात वळतो म्हटल्यावर तिचा क्रेन चालवायचा पास त्याच दिवशी जमा झाला असता. नवरा दोन वर्षं घरी बसलेला, घर तिच्या त्या खुराड्यावर चाललेलं. आणि गप्प बसावं, तर तिच्या हुकाखाली हातवारे करत उभा असायचा तिचा सख्खा दीर. त्याला हे काम तिनंच लावून दिलं होतं. बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत. रोज सकाळी शिडीला हात लावण्याआधी ती बोटं उघडून-मिटून बघायची, आणि चढायची.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला वॉकीवर दिराचा आवाज आला, "वहिनी, मोळी खाली घ्या. सावकाश."

तिनं दांडा पुढे ढकलला आणि तिची बोटं वळली. अंगठा आत ओढला गेला, मनगट मुडपलं, मूठ दांड्यावर गच्च बसली. हात सोडला की दांडा आपोआप मागे येतो आणि मोळी थांबते, अशी व्यवस्था होती. पण हात सुटेल तर ना! मोळी खाली चाललीच होती. डावा हातही तसाच आखडलेला. शेवटी तिनं अंग वळवून लाल बटणावर कोपर हाणलं. क्रेन हिसका देऊन थांबली. दिराच्या हेल्मेटवर दोन हात अंतरावर मोळी झुलत राहिली.

"घार, काय चाललंय?" साहेब ओरडले.

तिनं कोपरानंच वॉकीचं बटण दाबलं. "वारा, साहेब."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. साहेब काही बोलणार, एवढ्यात आबांचा आवाज आला. "हो हो, वारा आहे. इकडेसुद्धा लागतोय."

घारीला हायसं वाटलं आणि तेवढीच लाजही वाटली. पण आता खाली उतरायचं कसं? वळलेल्या बोटांनी शिडी धरता येईना. काचेतून सगळी साइट दिसत होती आणि तिला दारापलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं. क्रेन हलेना म्हणून पाऊण तासानं दीर वर आला. त्यानं तिचे हात पाहिले.

"कधीपासून?"

"आठ महिने झाले, भाऊजी."

"आणि मी रोज खाली उभा होतो," तो म्हणाला. दोन्ही बाजूंनी हातांचं कडं करून एकेक पायरी त्यानं तिला खाली आणलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "दोन महिने गोळ्या खाऊनही कॅल्शियम एवढं कमी? आणखी काय औषध घेता?"

"काही नाही."

"ती सकाळची गोळी?" दीर म्हणाला.

"ती काय औषध आहे होय!"

किती वर्षं, हे ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं आणि रक्त आणखी एका तपासणीसाठी पाठवलं. त्या तपासणीत खरं दुखणं सापडलं. शरीरातलं मॅग्नेशियम तळाला गेलं होतं.

"आवळलेला स्नायू सैल करायला मॅग्नेशियम लागतं," बाई म्हणाल्या. "शिवाय ते नसेल, तर कितीही कॅल्शियम खा, अंगात टिकत नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या आतड्यातून मॅग्नेशियम आत येणंच कमी होतं. नेहमीच्या तपासणीत ते बघत नाहीत, म्हणून कळलं नाही. गोळी बंद. पोटासाठी मी दुसरं देते. आणि मी सांगेपर्यंत वर चढायचं नाही. असंच चाललं असतं तर फिट आली असती."

सलाइनमधून मॅग्नेशियम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिची बोटं एकेक करून उलगडली. घारीला रडू फुटलं. एवढंसं कारण, आणि त्यापायी आपण दिराला मारायला निघालो होतो!

आबांचा फोन आला. "तापाची रजा टाक. वारा होता, मी साक्षीला आहे. तोंड उघडलंस तर तुझा पास जाईल आणि सगळ्या केबिनवाल्यांच्या मागे तपासण्या लागतील. या वयात मला कोण दुसरं काम देणार?"

"आबा, तुमचे हात कसे आहेत?"

"माझ्या हातांना काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

घरी आल्यावर तिनं रजा टाकली. मुकाट राहिलं की महिनाभरात सगळं जागच्या जागी, हे तिला पटलंही होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दीर डबा उचलता उचलता म्हणाला, "तुमची क्रेन बंद आहे ना, मला आबांच्या हुकाखाली दिलंय."

तो गेला आणि तिला घरात बसवेना. पंधरा वर्षं तीच गोळी खाणारे आबा वारा नसताना वारा आहे म्हणतात कशाला, आणि हातांचं विचारलं की फोन ठेवतात कशाला? तिनं चप्पल सरकवली आणि साइट गाठली. आबांचा हुक काँक्रीटची भरलेली बादली घेऊन वरून चालला होता. ती थेट साहेबांपाशी गेली आणि त्यांच्या हातातली वॉकी तिनं ओढूनच घेतली.

"घार बोलतेय. परवा वारा नव्हता. माझे हात आखडले होते, आठ महिने आखडतायत. आपण सगळे वर चढताना जी गोळी घेतो, तिच्यामुळे. ज्याची बोटं वळत असतील त्यानं लोड खाली ठेवावा. भाऊजी, तुम्ही बाजूला व्हा."

सगळी साइट थबकली. साहेबांनी हात पुढे केला. तिनं गळ्यातला पास काढून त्यांच्या हातावर ठेवला.

बादली हवेत थांबली होती. मग ती हळूहळू, थांबत थांबत खाली आली आणि मोकळ्या जागेत टेकली. वॉकी खरखरली.

"पोरी," आबा म्हणाले, "मला उतरवायला कुणाला तरी वर पाठव."