दहा पावलं मागं

सुकेशनीला एका जागी बसवत नव्हतं. खुर्ची होती, सावली होती, तरी ती मैदानाच्या रेषेलगत येरझारा घालत होती. बोरीच्या पोरी मानवतच्या शाळेविरुद्ध एका गोलनं पुढं होत्या. एवढी मॅच निघाली की विभागाच्या स्पर्धेला जायचं नक्की, आणि कॅप्टन राजनंदिनीचं तर शाळेतलं हे शेवटचंच वर्ष.

पण तिला घोर होता तो विभागाचा नव्हे, पोरींना दिलेल्या शब्दाचा. सुकेशनी मूळची रग्बीची. त्या खेळात दांडगी माणसं एकमेकांना चिखलात लोळवतात आणि शिट्टी वाजली की शहाण्यासारखी मागं सरतात. पंचाशी बोलायचं ते फक्त कॅप्टननं, तेही ‘सर’ म्हणून. बोरीच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आल्यावर तिनं हाच नियम फुटबॉलला लावला. शिट्टी वाजली की दहा पावलं मागं, तोंड बंद. पोरी कुरकुरल्या, "मॅडम, बाकीच्या टीम तर पंचाच्या अंगावर जायलात. आमीच का गप?" सुकेशनी म्हणायची, "आपलं खरं असलं तर एकटीचं बोलणं पुरतं." पोरींनी विश्वास ठेवला, आणि हेच तिला आज टोचत होतं.

कारण पंच होते भगवानराव. माणूस सज्जन, पण गुडघे गेलेले, चेंडूच्या मागं पळणं व्हायचं नाही. त्यांनी आपली एक रीत बसवली होती. शिट्टी मारायची, क्षणभर थांबायचं, ओरडा कुणीकडून जोरात येतो ते ऐकायचं आणि त्या बाजूला हात करायचा. जिल्ह्यातल्या सगळ्या टीमना हे पाठ होतं. अपवाद एकट्या बोरीचा.

खेळ संपत आला आणि मानवतच्या पोरीनं मारलेला चेंडू वरच्या दांडीला लागून खाली पडला. गोलच्या रेषेच्या अलीकडं, चांगला वीतभर. सुकेशनी गोलच्या बाजूलाच उभी होती, तिनं डोळ्यांनी पाहिलं. भगवानराव पार मधल्या वर्तुळात होते. त्यांनी शिट्टी मारली, थांबले.

मानवतच्या अकरा जणी ‘गोल, गोल’ करत त्यांच्यावर धावल्या. बोरीच्या पोरी दहा पावलं मागं सरल्या. एकटी राजनंदिनी हात मागं बांधून पुढं गेली. "सर, मी बोलू का?"

त्या गलक्यात तिचा आवाज कुठला ऐकू यायला! भगवानरावांनी मधल्या वर्तुळाकडं हात केला. गोल.

पोरींनी सुकेशनीकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सोसलं असतं तिनं. पण त्या नुसत्या वाट बघत होत्या, मॅडमचं खरं कधी होतंय त्याची. सुकेशनीचं डोकं फिरलं. ती रेषा ओलांडून थेट आत घुसली.

"डोळे हायत का बटनं? वीतभर बाहेर पडलाय चेंडू! असली पंचगिरी करता व्हय?"

भगवानराव चिडले नाहीत. उलट त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग आधी बोलायचं की, मॅडम. तुमच्या पोरी गप, मला वाटलं गोलच हाय." आणि त्यांनी गोल रद्द केला.

सुकेशनी परत रेषेवर आली. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

खेळ पुन्हा सुरू झाला. आपल्याच गोलच्या तोंडाशी बोरीच्या रेणुकानं मानवतच्या पोरीला मागून धरून पाडलं. अख्ख्या मैदानानं पाहिलं. भगवानरावांनी शिट्टी मारली, थांबले.

मागं कुणीच सरलं नाही. बोरीच्या साऱ्या पोरींनी भगवानरावांना घेरलं. सगळ्यांत पुढं राजनंदिनी, बोट त्यांच्या नाकापर्यंत नेलेलं. "डोळे हायत का बटनं?"

"मागं व्हा! राजनंदिनी, मागं!" सुकेशनी ओरडत राहिली. भगवानरावांना वाटलं, याही मॅडम आपल्यालाच ओरडायल्यात. त्यांनी ‘खेळा, खेळा’ म्हणून हात हलवला. पडलेली पोर गुडघा धरून तशीच बसून राहिली.

बोरी जिंकली. पोरी नाचत आल्या आणि मॅडमच्या गळ्यात पडल्या. राजनंदिनीचा घसा पार बसला होता, पण चेहरा नुसता फुलला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "इतके दिवस आमी उगीच गप बसलो."