दोघींचा करार

चैत्राची उतरती उन्हं द्राक्षबागांवर पसरली होती. पण बागा होत्या कुठे? खरड छाटणी नुकतीच उरकली होती. घड गेले, पानं गेली, हिरवी-हिरवी सावली गेली आणि तारांवर उरल्या नुसत्या उघड्या, तांबूस, बोडक्या काड्या. कापल्या टोकांवर पाण्याचे थेंब धरत होते, थरथरत होते, गळत होते. गोदाकाठच्या त्या गावात येशूच्या शेवटच्या भोजनाचा पवित्र गुरुवार बहुधा असा छाटणीच्या दिवसांतच येई.

ख्रिस्ती देवळामागच्या आपल्या अंगणात रिबकाबाई द्राक्षं शिजवत बसली होती. संध्याकाळच्या प्रभुभोजनाचा द्राक्षारस मंडळीत तिच्याच हातचा असे. काळी द्राक्षं मंद आचेवर उकळायची, शुभ्र फडक्यातून गाळायची, साखरेचा कण घालायचा नाही. आज मात्र ती गाळलेलंच पुन्हा गाळत होती. जांभळी बोटं, जांभळी नखं, जांभळा पदर. आणि चित्त कशातच नाही. उठे, दारापर्यंत जाई, परत येई, पुन्हा बसे.

निर्णय तिला करायचा होता, आणि आजच करायचा होता. तिची विधवा सून सुवार्ता, लहानग्या करुणाची आई, हिला लासलगावच्या एका विधुर मास्तरांनी मागणी घातली होती. पाळकसाहेब सकाळी येऊन सांगून गेले होते, "माणूस भला आहे. करुणालाही पोटच्या पोरीसारखं वाढवील. पण सुवार्ता म्हणते, आई म्हणतील तसं. आज उपासनेला मास्तर येणार आहेत, रिबकाबाई. विचार करून ठेवा."

विचार! सकाळपासून दुसरं काय चाललं होतं? सुवार्ता जाणार म्हणजे करुणा जाणार. करुणा जाणार म्हणजे अंगणातली ती इवली पावलं जाणार, पहाटेचं ते "आज्जी, वेणी घाल ना" जाणार. मग या घरात आवाज कुणाचा? भांड्यांचा. वाऱ्याचा. स्वतःच्या खोकल्याचा.

आणि शब्द तर दिलेला होता! तिचा एकुलता एक जयवंत तापानं गेला, त्या आठवड्यातली गोष्ट. सुवार्ता रडून रडून थकली होती, करुणा अंगावर पीत होती आणि रिबकाबाईनं सुनेचा उजवा हात धरून पवित्र शास्त्रावर ठेवला होता. "म्हण, हे घर सोडणार नाही." सुवार्ता म्हणाली. तेव्हापासून रिबकाबाई त्याला 'आपला करार' म्हणे. माहेरी महिनाभर राहायचं निघालं की करार. नर्सिंगच्या कोर्सचं निघालं की करार. हसत हसत म्हणे, आणि हसत हसत गाठ आवळी. ज्या ग्रंथात शपथ वाहूच नका असं सांगितलंय, त्याच ग्रंथावर आपण शपथ वाहवली, हे त्या भल्या बाईच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी तिनं देवालाच विचारायचं ठरवलं. फळीवरची शास्त्रवचनांच्या चिठ्ठ्यांची डबी काढली; नव्या वर्षाला घरोघरी जिच्यातून चिठ्ठी उचलतात, ती. डोळे मिटून पहिली चिठ्ठी उचलली, ती बंदिवानांच्या सुटकेची निघाली. देवाचा काहीतरी घोटाळा झाला असावा, असं समजून तिनं ती परत टाकली. दुसरी निघाली शेजाऱ्यावर प्रीती करण्याची, तीही टाकली. तिसरीत मात्र विधवेला आधार देणारं वचन हाती आलं आणि बाई हरखली. विधवा म्हणजे मीच की! चिठ्ठी डोळ्यांना लावता लावता तिला आठवलं, की या घरात विधवा दोन आहेत.

डबी तिनं फळीवर ठेवून दिली.

आता ओसरीत करुणा संध्याकाळच्या उपासनेत म्हणायचं उत्तर पाठ करत झुलत होती. "जुना करार दगडावर लिहिला, नवा करार काळजावर. जुना करार दगडावर..." मध्येच थांबून म्हणाली, "आज्जी, करार म्हणजे काय गं?"

"दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द."

"मग येशूनं काय दिलं?"

"जीव दिला, बाळा. सगळंच दिलं."

"आणि आईच्या न् तुझ्या करारात तू काय दिलं?"

फडकं रिबकाबाईच्या हातातच राहिलं. पिळलेल्या चोथ्यातून रस ठिबकत होता, लाल-काळा, काळा-लाल, कढत. ज्यानं नवा करार केला, त्यानं स्वतःचं रक्त दिलं. आणि तिनं जो केला, त्यात सगळं दिलं होतं एकट्या सुवार्तेनं. तिला लाज वाटली. पोरीसमोर तोंड लपवायला ती उगाच चुलीत फुंकत राहिली.

दिवेलागणीला घंटा वाजली. काळ्या दगडाचं ते देऊळ मेणबत्त्यांच्या पिवळ्या, हलत्या, श्वासासारख्या उजेडानं भरून गेलं. शेवटच्या बाकावर मास्तर खाली मान घालून बसले होते. प्याला फिरण्याआधी पाळकसाहेब थांबले. कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आधी ते मिटवावं, मग प्यावं, अशी या मंडळीची रीत. लोक इकडे-तिकडे उठले. रिबकाबाईला उठावं लागलं नाही. सुवार्ता शेजारीच होती.

प्याला भरताना पुन्हा ओल्या झालेल्या बोटांनी तिनं सुनेचा हात धरला. तोच उजवा हात. तो उलटा केला, तळवा वर.

"तेव्हा तू शब्द दिला होता. म्या काहीच दिलं नव्हतं," ती पुटपुटली. "आज देते. जाय बाई. करुणाला घेऊन जाय. नाताळाला बोलाव मला. नाही बोलावलं तरी मी रागवायची नाही."

सुवार्तेच्या डोळ्यांना धार लागली. "आई... तुम्ही एकट्या काय करणार हो?"

"द्राक्षं शिजवीन," रिबकाबाई म्हणाली.

प्याला हातोहात सरकत आला. तो घ्यायला सुवार्तेनं हात पुढे केला, तेव्हा तळव्यावर सासूच्या बोटांचे जांभळे डाग होते. ओले, ताजे, पाच. बाहेर काळोख बागांवर उतरत होता आणि बोडक्या काड्यांच्या कापल्या टोकांतून पाणी गळत होतं, थेंब थेंब, थेंब थेंब, खालच्या तहानल्या मातीत.