सोपवलेला करप्या

मी एक जुना कुत्रा आहे. जुना म्हणजे पुरता अकरा वर्षांचा. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत आणि मागचा डावा पाय सकाळी जरा कुरकुरतो. पण मित्रांनो, शेपूट अजून कमानीसारखे वर असते. एका नव्हे, दोन घरांनी मला मनापासून आपले म्हटले. त्यामुळे माझी हकीकत सांगताना माझी मान खाली जात नाही.

माझा जन्म एका बेकरीच्या मागच्या अंगणात, पिठाच्या रिकाम्या गोण्यांवर झाला. मी रंगाने तपकिरी आणि पाठीवर मधोमध काळा होतो. बेकरीच्या मालकांनी मला एका तळव्यावर उचलले आणि ते हसू लागले.

"हा भट्टीत जरा जास्तच वेळ राहिलेला दिसतोय!"

झाले. तेव्हापासून मी करप्या. पुढे गल्लीतल्या सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसले आणि मलाही ते आवडू लागले.

बेकरी पहाटे चारला उघडायची. मालक भट्टी पेटवून कणीक मळायला घेत आणि मी फेरीला निघे. आधी गोदाम, मग मागचे दार, मग फळ्यांखालची फट. उंदरांनी माझी चांगलीच धास्ती घेतली होती. पण माझे खरे काम नाकाचे. पाव करपायच्या बेतात आला की मला आधी कळायचे. मी दोनदा भुंकायचो आणि मालक धावत येऊन ट्रे ओढायचे. हे मला कोणी शिकवले नव्हते.

"ह्या दुकानात कारागीर दोनच," मालक गिऱ्हाइकांना सांगत. "एक मी आणि एक हा. फरक इतकाच, की हा रजा मागत नाही."

असे मानाने दिवस चालले होते. मी नऊ वर्षांचा झालो आणि मालकांना खोकला लागला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. छातीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, पीठ बंद आणि कुत्राही घरात नको.

"पीठ सोडतो," मालक म्हणाले. "कुत्र्याचं बोलू नका."

भट्टी त्यांनी मेव्हण्याच्या हाती दिली. मला मात्र सोडले नाही. मालकीणबाई मला रोज पुसून काढत, माझे अंथरूण त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात नेले. काही उपयोग झाला नाही. एका सकाळी मालक जिना चढता चढता पाचव्या पायरीवर खाली बसले. ओठ निळसर पडले होते. मी जवळ गेलो, तर त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. आजवर त्यांनी असे कधीच केले नव्हते.

मालकीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "अहो, तुम्हीच राहिला नाहीत, तर ह्याला तरी कोण बघणार?"

मालकांनी नाइलाजाने मान डोलावली.

शेजारच्या एकाने सल्ला दिला, "लांबच्या बाजारात नेऊन सोडा. कुणीतरी घालेल खायला."

एवढ्या दम्यातही मालकांचा आवाज चढला. "नऊ वर्षं राबलाय तो माझ्याबरोबर. सोडून यायला ती काय रद्दीची गोणी आहे?"

मग मालकीणबाईंनी कुत्र्यांना नवी घरे शोधून देणाऱ्या एका संस्थेला फोन केला. दुसऱ्या दिवशी एक ताई आली. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती आणि उरलेल्या वेळात हे काम करायची. तिच्याकडे चार पानी फॉर्म होता. किती वाजता उठतो? कशाला घाबरतो? लहान मुलांशी कसा वागतो?

"कुणाला चावलाय कधी?"

"एकदा," मालक म्हणाले. "वजनकाटे तपासायला एक साहेब आले होते, त्यांना. पण त्यांनी आधी ह्याच्या शेपटीवर पाय दिला होता."

मालकीणबाई पुटपुटल्या, "अहो, ते कशाला लिहायला सांगता? कोण घेईल मग?"

"लिहू दे. खोटं सांगून दिला आणि उद्या त्याला कुणी हाकलला, तर ते पाप माझ्या माथी."

चार पाने पुरली नाहीत. मालकांनी पाव बांधायच्या कागदावर आणखी एक पान भरले. उजव्या कानामागे खाजवलेले आवडते. फुग्याच्या आवाजाला घाबरतो. रागावलात तर जेवत नाही, मग समजूत काढावी लागते.

निघताना त्यांनी माझा पट्टा ताईच्या हाती दिला. मी गाडीत चढलो. ते खिडकीशी वाकून म्हणाले, "करप्या, नीट वाग. बेकरीचं नाव घालवू नकोस."

मित्रांनो, त्या दिवशी मला रडू आले नाही असे सांगितले, तर तो खोटेपणा होईल. ताईच्या घरी मी दोन दिवस दाराकडे तोंड करून बसलो. तिसऱ्या दिवशी तिने तो कागद वाचला आणि मुकाट्याने माझा उजवा कान खाजवला. मग मी जेवलो.

मला बघायला लोक येत. "नऊ वर्षांचा? आम्हाला पिल्लू हवं होतं," म्हणून परत जात. शेवटी एका कुटुंबाने नेले. घर सुरेख होते, माणसेही चांगली. पण मी पडलो बेकरीवाला. पहाटे चार वाजले की उठून कामाची हाक द्यायचो. अकराव्या दिवशी डोळे तांबारलेले घरधनी मला घेऊन ताईच्या दारात उभे राहिले. मला वाटले, घालवले मी बेकरीचे नाव.

ताईने माझे तोंड दोन्ही हातांत धरले. "तुझी चूक नाही रे. जुळवताना मीच चुकले."

त्यानंतर एक बाई आल्या. शहरातली बस चालवायच्या. खांदे रुंद, आवाज खणखणीत. ताईने आधीच सांगून टाकले, "बघा, वय झालंय. एकदा परत आलाय. आणि पहाटे चारला सगळं घर उठवतो."

"चारला?" बाई खुर्चीतून पुढे सरकल्या. "नक्की? चुकत नाही ना? अहो, माझी पहिली गाडी पाचची असते! दोन घड्याळं उशाशी ठेवते, तरी धाकधूक. हाच द्या मला."

बाईंची दोन वर्षांत एकही गाडी चुकलेली नाही. डेपोत त्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी मलाही सोबत नेले आणि साहेबांना ठणकावून सांगितले, "हार दोन आणायला हवे होते."

मी बाईंकडे आलो, त्यानंतर तीनच महिन्यांनी ताईने मालकांना बागेत बोलावले होते. ते मोकळ्या हवेत, तोंडाला फडके बांधून बाकावर बसले होते. मी दुरूनच वास ओळखला आणि धूम ठोकली. मी त्यांच्या छातीला कान लावला. आत शिट्टी वाजत नव्हती. मालकांनी मला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळले. मग बसवाल्या बाईंना म्हणाले, "जाड झालाय हो."

"होणारच," बाई म्हणाल्या. "कामावरचा माणूस आहे."

दोघेही हसले आणि दोघांनीही डोळे पुसले. संध्याकाळी मी बाईंबरोबर घरी गेलो. 'घरी' हा शब्द मी जाणून वापरला आहे.

आता रविवारी ताई नव्या कुत्र्यांना माझ्यासोबत फिरायला आणते. बुजलेली असतात ती. मी पुढे चालतो, ती मागून येतात. गेल्या आठवड्यात एक पांढरी कुत्री आली. कोणीतरी तिला खांबाला बांधून निघून गेले होते. तिचे नाव काय, ती कशाला भिते, कुठे खाजवले की शांत होते, कोणालाच ठाऊक नाही. ताई एकेक नाव घेऊन हाक मारून बघते आणि ती कान हलवते का, याची वाट बघते.

मित्रांनो, माणसांवर वेळ येते. आजारपण येते, घर बदलते. तुमच्या घरी अशी वेळ आलीच, तर मोठ्यांना सांगा की आमची सोय लावून द्या, आम्हाला खांबाला बांधून जाऊ नका. आणि आमच्याबरोबर एक कागद द्या, हाताने लिहिलेला. आमच्या खोड्या आधी लिहा, गुण नंतर. नाव मात्र सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहा. नव्या दारात आम्हाला कोणीतरी त्याच नावाने हाक मारू दे.