भोकांचा शिंपला

आत्याच्या कारखान्यात हवा चमकायची. शिंपल्यातून बटणं कापताना उडालेली पांढरी पूड उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायची आणि आत वावरणारी माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसायची. नदीच्या अलीकडे आमचा देश, पलीकडे त्यांचा. त्यांची प्लॅस्टिकची बटणं मातीमोल भावाने येऊ लागली तसं आत्याचं एकेक यंत्र मुकं होत गेलं.

म्हणून निवडणुकीच्या सभेत ती सगळ्यांत पुढे होती. पलीकडच्या बटणांवर जकात वाढवा, एवढंच तिचं मागणं. पण एवढंसं बटण मागच्या रांगेला काय दिसणार? तिने बटणं कापून उरलेला अख्खा शिंपला पुढाऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उंच धरला. गोल गोल भोकांतून ऊन सांडलं आणि मैदान गप्प झालं. "पलीकडचे आपल्या ताटात हे वाढतात," ते म्हणाले, "नुसती भोकं!" टाळ्या थांबेनात. आत्याच्याही.

ते निवडून आल्यावर हुकूम निघाला: पलीकडच्या शिंपल्यांवर तिप्पट जकात. बटणांचं नावही नव्हतं. आणि आत्याचा शिंपला यायचा पलीकडूनच. आमच्या काठाला पाणी खोल, गार. इथला शिंपला पातळ, कापताना तडकतो. त्यांच्या उथळ, कोमट पाण्यात तो जाड होतो.

मी जकात नाक्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. शिंपले कुठल्या काठाचे, हे ठरवायला आत्याची पोती माझ्याकडेच आली. सूक्ष्मदर्शकाखाली वाढीचे थर दिसले. कोमट पाण्यातच होतात तसे रुंद, गुलाबी-हिरवे, झोपेत दिसावेत तसे एकावर एक. मी बराच वेळ बघत राहिले.

आत्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. मला घेऊन ती पुढाऱ्यांच्या कार्यालयात गेली. भिंतीवर मोठं चित्र होतं: उंचावलेला हात, त्यात शिंपला, भोकांतून पडणारं ऊन. तिथल्या चिटणीसाने सगळं शांतपणे ऐकलं, चूक झाली असेल असंही कबूल केलं. मग म्हणाला, "मावशी, बटण कुणाला कळतं? लोकांना शिंपला आवडलाय."

आत्या चित्राकडे बघत हसली. "भोकं मात्र एका रेषेत पाडलीत हं मी."

परतताना तिने विचारलं, "तुझ्या त्या काचेखाली काय दिसलं?"

सांगता येत नाही, असं लिहिलं असतं तरी पोती सुटली असती. ते तिलाही माहीत होतं.

"पलीकडचे आहेत, आत्या."

"मग तसंच लिही. दोघींनी घरी बसून माशा कशाला मारायच्या?"

तिप्पट जकात तिला झेपणारी नव्हती. पोती परत नावेत चढली. नावाडी पलीकडचा, तिच्या जुन्या ओळखीचा. धुक्यात शिरताना त्याने ओरडून विचारलं, पुढच्या खेपेला किती आणू? आत्याने नको म्हणून हात हलवला. लांबून त्याला तो निरोप वाटला असावा. त्यानेही हात हलवला, आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत हलवतच राहिला.